नावापुढचा विषय

पदवीप्रदान समारंभाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हाती मिळालेल्या कागदावर तीनच रकाने होते. अनुक्रमांक, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, आणि नाव. मथळ्यात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. एवढंच. एकूण ८७ जण. नावं वाचून दाखवायला तेवढं पुरतं. रात्री जेवणं उरकल्यावर मी यादी घेऊन बसले आणि बाराव्या नावापाशी थांबले. ही मुलगी इतिहासाची. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख बघून आल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर ब्राह्मी अक्षरं गिरवायची. तिसऱ्या वर्षाला तिची वही मागूनच भरत यायची. कागदावर मात्र ती नुसती बी.ए. होती.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका लहान महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. शिकलेही इथेच. २०११ साली माझं पदवी प्रमाणपत्र घरी नेऊन वडिलांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "कशात झालीस?" मी म्हटलं, बी.ए. झाले. "ते कळलं गं, पण कशात?" माझं उत्तर ऐकून ते म्हणाले, "मग मराठीत झाले असं सांग की." त्या यादीपाशी बसले असताना मला तेच ऐकू येत होतं. मी पट्टी घेऊन चौथा रकाना आखला. विशेष विषय.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य सरांना म्हटलं, नावाबरोबर विषय वाचू या, आणि त्या मुलानं किंवा मुलीनं काय अभ्यास केला याचं एक वाक्य. सरांनी वेळेचं विचारलं. हिशोब मी करूनच गेले होते. प्रत्येकी २० सेकंद धरले तर ८७ जणांची २९ मिनिटं होतात. सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "भाषणं कमी करू. पण वाक्य त्या मुलांचं असू द्या, तुमचं नको." या एका अटीमुळे माझे पुढचे पाच आठवडे त्या यादीत गेले, आणि त्यासाठी मी सरांची ऋणी आहे.

बाहेरच्यांना वाटतं, मुलं विषय निवडतात. या तुकडीला बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी चार विषय होते, दुसऱ्या वर्षी तीन, आणि तिसऱ्या वर्षी एकच उरला. बी.ए. आणि बी.कॉम.ला स्पेशल, म्हणजे विशेष विषय, एसवायला, दुसऱ्या वर्षाला, ठरला. लहान महाविद्यालयात जे विषय चालू असतात त्यांतूनच घ्यायचं. या तुकडीत मराठीचे ११, इतिहासाचे ९, भूगोलाचे ८, अर्थशास्त्राचे ७ आणि राज्यशास्त्राचे ६. वाणिज्यचे २७. विज्ञानात रसायनशास्त्राचे ११, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे तीन तीन, भौतिकशास्त्राचे दोन.

हा विषय का घेतलास, असं मी प्रत्येकाला विचारलं. दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर गावाकडची शेवटची एसटी निघून जाते म्हणून विज्ञान सोडून कलेला आलेले चार जण निघाले. ताईची पुस्तकं घरात होती म्हणून. मैत्रिणीनं घेतला म्हणून. रसायनवाल्यांचं सरळ होतं, कुरकुंभला किंवा चाकण पट्ट्यात नोकरी मिळते. मला यात काही कमीपणाचं वाटत नाही. इंग्रजी स्पेशलला पुरेशी मुलं झाली नाहीत म्हणून मीही मराठीला आले होते, आणि आज दुसऱ्या कुठल्या विषयात मी स्वतःची कल्पनाही करू शकत नाही. विषय घरात कुठल्या दारानं आला यापेक्षा तो आल्यावर काय झालं हे मला हवं होतं.

पण ते विचारायला आधी माणसं सापडायला हवीत. प्रवेश अर्जावरचे नंबर तीन वर्षांपूर्वीचे. कित्येक नंबर वडिलांचे किंवा शेजाऱ्यांचे. कंपनीतली मुलं पाळी सुटल्यावरच बोलायची, म्हणून माझे फोन सकाळी सातला नाहीतर रात्री अकरानंतर. पाच मुलींची लग्नं झाली होती. त्यांतल्या दोघींनी फोनवर हळू आवाजात विचारलं, "मॅडम, नाव कुठलं वाचणार?" प्रमाणपत्रावर गुणपत्रिकेतलंच नाव असतं, म्हणजे माहेरचं. हे सांगितल्यावर एकीचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

नावांचंही काम निघालं. यादी रोमन लिपीत, आणि आमच्याकडची आडनावं शेळकंदे, बोऱ्हाडे, रघतवान, डुंबरे. रोमनवरून वाचली की त्यांचं भलतंच होतं. मी प्रत्येकाकडून त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकून देवनागरीत लिहून घेतलं आणि रोज संध्याकाळी रिकाम्या वर्गात मोठ्यानं वाचायची सवय केली.

भूगोलाच्या मुलांनी मला पहिल्यांदा थांबवलं. वाक्य मागायला फोन केला तर एकजण म्हणाला, "मॅडम, मी दहावीला भूगोलाचा पेपर दिलेलाच नाही." खरंच की. ही मुलं २०२० ची. त्यांचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, शेवटचा. करोनामुळे तो रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं गुण मिळाले. अकरावी मोबाइलवर गेली. आणि त्यांतल्या आठ जणांनी पुढे भूगोलातच पदवी घेतली. त्यांच्या सरांनी त्यांना एसवायला बोरीला नेलं होतं, कुकडीच्या काठावर. तिथे नदीकाठच्या थरांमध्ये ज्वालामुखीची राख आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची ही राख, असं मानलं जातं. काही अभ्यासक ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकाची धरतात, काहींच्या मते ती त्याहून खूप जुनी आहे. हा मुलगा तिथून जवळच राहतो. लहानपणी त्या काठावर म्हशी धुवायला जायचा. "पांढरी माती म्हणायचो आम्ही," तो म्हणाला. "सरांनी हातावर दिली तेव्हा अंगावर काटा आला. समुद्रापलीकडनं आलेली राख, आणि आम्ही तिच्यावर बसून भेळ खायचो." मी त्याला म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहून पाठवलं: "भूगोल. माझ्या गावच्या नदीकाठच्या राखेचा थर मी मोजला." मी एक अक्षरही बदललं नाही.

भौतिकशास्त्राचे दोघेच. त्यांतला एक खोडदच्या बाजूचा. तिथे जीएमआरटी आहे, मीटर लांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या. कांद्याच्या आणि उसाच्या रानांमधून त्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. आमच्या भागातली सगळी मुलं त्या बघतच मोठी होतात, आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती जागा लोकांसाठी खुली होते तेव्हा शाळांच्या सहली जातात. हा मुलगा सातवीत असताना गेला होता. तबकडी भरीव पत्र्याची नसून तारांच्या जाळीची आहे हे त्यानं तिथे पाहिलं, आणि भोकं असलेल्या ताटात लहरी थांबतात कशा, हा प्रश्न घेऊन घरी आला. उत्तर त्याला बारावीनंतर समजलं: लहरीची लांबी जाळीच्या भोकापेक्षा खूप मोठी असते, म्हणून तिच्या दृष्टीनं ती जाळी भरीवच. त्याचा हट्ट होता की विषयाच्या जागी रेडिओ खगोलशास्त्र लिहावं. मी त्याला समजावलं, विषय भौतिकशास्त्रच लिहू, तुझी जाळी वाक्यात येईल. बराच वेळ तो गप्प राहिला, मग हो म्हणाला.

वाणिज्य माझ्या सगळ्यात कमी परिचयाचं. तिथे मी थोडी घाईच केली असती, पण कॉस्टिंगच्या एका मुलानं ती करू दिली नाही. तो नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एका गाळ्यावर हिशोब लिहितो. त्यानं प्रकल्पात वीस किलोच्या एका क्रेटचा खर्च काढला होता. रोपं, मल्चिंग, बांबू, तार, सुतळी, फवारण्या, तोडणी, गाडीभाडं, हमाली, तोलाई. आईवडिलांची मजुरी त्यानं रोजंदारीच्या दरानं धरली होती. घरी ती कुणीच धरत नाही. ही मुलं एसवायला असताना, २०२३ च्या जुलैत, याच बाजारात क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता आणि त्याच्या काही महिने आधी टोमॅटो मातीमोल झाला होता. "भाव आपल्या हातात नसतो, मॅडम. आपला खर्च तरी आपल्याला माहीत पाहिजे." त्याच्या वाक्यात मी आईवडिलांच्या मजुरीचा उल्लेख ठेवायला सांगितला. त्यानं आधीच ठेवला होता.

राज्यशास्त्राच्या एका मुलानं त्याच्या गावच्या ग्रामसभेची वर्षभराची इतिवृत्तं वाचून पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, लिहिलेले अधिकार प्रत्यक्षात कुठवर पोचतात ते तपासलं होतं. जुन्नरची पश्चिमेकडची आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, पण मला स्वतःला त्या कायद्यातलं फारसं काही माहीत नव्हतं. त्यानं मला अर्धा तास शिकवलं.

माझ्या मराठीच्या मुलांचं मला सगळं माहीत आहे असं मी धरून चालले होते. एका मुलीनं तमाशातल्या शब्दांचा संग्रह केला होता. फड, राहुटी, सुपारी, बतावणी, मावशी, सोंगाड्या. नारायणगाव म्हणजे विठाबाईंचं गाव. जत्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. तिच्या प्रकल्पात इतके बारकावे होते की मी तिला चांगले गुण दिले, पण हे शब्द तिला मिळाले कुठून असं कधी विचारलं नाही. फोनवर तिनं पाठवलेलं वाक्य होतं: "मराठी. लोककलेतील शब्दसंपत्तीचा अभ्यास." रात्री दहा वाजता तिचा परत फोन आला. "मॅडम, वाक्य बदलता येईल का? 'लोककलेतील' काढा. तमाशाच म्हणा. आणि आजोबांच्या फडातला, असं म्हणा." तीन वर्षांत तिनं वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं की तिचे आजोबा ढोलकी वाजवायचे. मी नवं वाक्य लिहून तिला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

वनस्पतिशास्त्राची एक मुलगी घाटघरची. जीवधनच्या पायथ्याला, नाणेघाटाच्या अलीकडे. फोन कधीच लागला नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं मी गेले. ओटीवर वाळलेल्या हिरड्याची पोती होती आणि तिची आई त्यातला कचरा निवडत होती. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात इकडची हिरड्याची झाडं मोडली, त्या वर्षी घरात काय परिस्थिती होती हे ती माउली हिरडा निवडता निवडताच सांगत होती. मुलगी वनविभागाच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर जाते. ती आतून एक जाड गठ्ठा घेऊन आली. तिचं हर्बेरियम. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या आणि जाड कागदावर शिवलेल्या चाळीस वनस्पती. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: शास्त्रीय नाव, कूळ, ठिकाण, तारीख. आणि त्याखाली तिनं स्वतः वाढवलेली एक ओळ, 'आईचं नाव'. मला आधी वाटलं, प्रमाणपत्रावर असतं तसं आईचं नाव. नाही. आई त्या झाडाला जे म्हणते ते. चाई, भारंगी, कुर्डू. काही पानांवर अशी नावं होती जी मी मराठीची असूनही कधी ऐकलेली नव्हती. सरांनी लॅटिन नावं ओळखून दिली, आईनं बाकीची. दोन नावांबद्दल आईचं आणि मावशीचं एकमत नव्हतं, तिथे तिनं दोन्ही लिहून समोर गावं टाकली होती.

मी ओटीवरच बसून तिचं वाक्य लिहून घेतलं. आईनं विचारलं, "समारंभाला आम्हीबी यायचं का?" मी म्हटलं, तुम्ही आलंच पाहिजे. एसटीच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. मुक्कामाची गाडी सकाळी निघते, तिनं येता येईल, परतीचं बघू, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं.

पाच आठवड्यांत ८४ वाक्यं झाली. तिघांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्यासाठी मी त्या त्या विभागात जाऊन त्यांच्या जर्नल आणि प्रकल्पांच्या फाइली काढल्या आणि त्यांतल्या त्यांच्याच शब्दांतून वाक्य घेतलं. सरांची अट मोडायची नव्हती.

समारंभाला ७१ जण आले. खांद्यावर उपरणं, हातात प्रमाणपत्राची फाइल. न आलेल्या १६ जणांची नावं आणि वाक्यंही मी वाचली, जागा रिकामी ठेवून. माझा आवाज पहिल्या पाच-सहा नावांना नीट लागला नाही, नंतर लागला. मंडपात पालक बरेच होते. सुरुवातीला टाळ्या नावाला पडत होत्या. थोड्या वेळानं लोक वाक्य संपायची वाट बघायला लागले. राखेच्या थराचं वाक्य झालं तेव्हा बोरीकडची मंडळी एकमेकांकडे बघून बोलायला लागली. तमाशाच्या वाक्यानंतर मागच्या रांगेतले एक म्हातारे बाबा काठी धरून उभे राहिले आणि नात व्यासपीठावरून उतरून खाली येईपर्यंत बसलेच नाहीत. घाटघरच्या मुलीचं वाक्य होतं: "वनस्पतिशास्त्र. आमच्या रानातल्या चाळीस वनस्पती, शास्त्रीय नावासह आणि आईनं सांगितलेल्या नावासह." तिची आई दुसऱ्या रांगेत होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

एकूण ३४ मिनिटं लागली. सर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी प्रमाणपत्र वाटपाच्या नोंदवहीत चौथा रकाना आखून घ्यायला सांगितलं. तिथे विषय घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा.

उरलेली १६ प्रमाणपत्रं पुढच्या काही दिवसांत एकेक करून गेली. प्राणिशास्त्राच्या एका मुलीची एम.एस्सी.ची परीक्षा होती, ती येऊ शकली नव्हती. आठवड्यानं तिचे वडील तिचं अधिकारपत्र घेऊन आले. पिंपळवंडीकडचे शेतकरी, ऊस लावणारे. त्या भागात बिबट्या नवा नाही. ऊसतोडीत पिल्लं सापडतात आणि वनविभागाची माणसं ती पुन्हा आईजवळ पोचतील अशी ठेवतात. यांच्या गोठ्यातून बिबट्यानं दोन शेळ्या नेल्या होत्या, आणि त्याच वर्षी मुलीनं प्राणिशास्त्र घेतलं होतं. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र बघून आल्यावर तिनं उसातल्या पिल्लांवर प्रकल्प केला. घरात त्यावरून बोलाचाली झाली होती, हे तिनंच मला फोनवर सांगितलं होतं.

मी नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी सही केली आणि चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"इथं काय लिहू?"

"तिचा विषय. प्राणिशास्त्र."

"'ण'ची वेलांटी पहिली ना? शास्त्राच्या आधीची?"

मी हो म्हटलं. त्यांनी एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. मग खिशातून मोबाइल काढून माझ्याकडे दिला. "मॅडम, या पानाचा तेवढा फोटो काढून तिला धाडा. मला जमत नाही. नाव आणि पुढचं ते, दोन्ही यायला पाहिजे."